आधार देणाऱ्यांना आधार कोणाचा?

खास प्रतिनिधी, मुरुड

सुटीच्या दिवशी मुरुडच्या किनाऱ्यावर सकाळपासून सहलींच्या बस येऊन थांबू लागतात. आधी मुले उतरतात आणि त्यांच्यामागोमाग नावांची यादी हातात घेतलेले शिक्षक. मुले समुद्राकडे धावतात, शिक्षक डोकी मोजत राहतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच किनाऱ्यावर पुण्यातील एका महाविद्यालयाच्या १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यानंतर सहलींचे नियम, जीवरक्षकांची नेमणूक, धोक्याची सूचना देणारे फलक आणि जबाबदारी कोणाची, या विषयांवर राज्यभर चर्चा झाली. ती होणे आवश्यकच होते. मात्र अशा कोणत्याही दुर्घटनेनंतर एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. मुलांसोबत गेलेले प्राध्यापक, शिपाई आणि कार्यालयातून पालकांना दूरध्वनी करणारे लिपिक दुसऱ्या दिवशी कोणत्या मनाने कामावर येत असतील?

दुर्घटना हा टोकाचा प्रसंग झाला. परंतु एरवीही विद्यापीठ आणि महाविद्यालय ही हजारो माणसांची कामाची जागा असते. तिथे निकालाची घाई असते, नोकरीची अनिश्चितता असते, वरिष्ठांचा धाक असतो आणि विद्यार्थ्यांच्या अडचणीही असतात. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बोलले गेले. त्यांना सावरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर टाकण्यात आली, त्या कर्मचाऱ्यांच्या मनाची विचारपूस मात्र अद्याप व्यवस्थेचा भाग झालेली नाही.

जबाबदारी वाढली, पण...

विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, अशीही सूचना आहे. धोक्याची लक्षणे ओळखणे, स्वतःला इजा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सावरणे आणि त्याला योग्य ठिकाणी पाठवणे, हा त्या प्रशिक्षणाचा आशय आहे.

या सूचना स्वागतार्ह आहेत. मात्र त्यांत कर्मचारी येतो तो मुख्यतः मदत करणारा म्हणून. दुसऱ्याचे दुःख ऐकणे हेदेखील काम आहे आणि त्याचाही शीण येतो. एखाद्या विद्यार्थ्याने शिक्षकाजवळ आत्महत्येचा विचार बोलून दाखवला, तर त्या रात्री शिक्षकालाही झोप लागत नाही. आपण बोललो ते बरोबर होते का, उद्या तो वर्गात दिसेल का, हे प्रश्न त्याच्यासोबत घरी जातात. अशा वेळी त्याने कोणाशी बोलावे, याचे उत्तर संस्थेजवळ तयार असायला हवे.

मदतीचे धोरण अगदीच नाही, असे नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये सुरू केलेला ‘मनोदर्पण’ हा उपक्रम विद्यार्थ्यांबरोबरच शिक्षक आणि कुटुंबीयांसाठीही आहे. ‘नॅक’च्या आजवरच्या मूल्यांकन पद्धतीत शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठीच्या कल्याणकारी योजनांना स्वतंत्र गुण होते. प्रत्यक्षात पतपेढी, विमा, सणाची उचल, आरोग्य तपासणी शिबिर एवढ्या नोंदींवर तो रकाना भरता येतो. मानसिक आरोग्याचा त्यात समावेश करायचा की नाही, हे संस्थेच्या इच्छेवर राहते.

ताण आणि ‘बर्नआऊट’

येथे एक फरक समजून घेणे आवश्यक आहे. ताण प्रत्येक कामात असतो. परीक्षेचा हंगाम संपला, चार दिवस विश्रांती मिळाली की तो ओसरतो. विश्रांतीनंतरही जो शीण जात नाही, त्याला इंग्रजीत ‘बर्नआऊट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत ‘बर्नआऊट’ला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. सगळी शक्ती संपल्यासारखे वाटते, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येतो आणि आपल्या हातून काही नीट होत नाही, अशी भावना बळावते.

या व्याख्येतील महत्त्वाची बाब म्हणजे कारण कामाच्या रचनेत शोधायचे आहे, माणसाच्या दुबळेपणात नव्हे. अमेरिकेतील अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच सूत्र मांडले होते. कामाचा बोजा मोठा आणि ते कसे, केव्हा करायचे यावरचा ताबा कमी, अशा नोकऱ्यांत मनावरचा भार सर्वाधिक असतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००४ मध्ये कामाच्या ताणाची सहा कारणे निश्चित केली. कामाचा बोजा, कामावरील नियंत्रण, वरिष्ठ व सहकाऱ्यांचे पाठबळ, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि होणारे बदल हाताळण्याची पद्धत, अशी ती सहा कारणे होत. आपल्या महाविद्यालयांना ही फूटपट्टी लावून पाहिली, तर चित्र स्पष्ट होते.

निकालाचा उन्हाळा

मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. रायगड जिल्हा आणि मुरुडही त्यातच येतात. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावरील तपासणी सुरू केली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायच्या होत्या. यंत्रणेची पूर्वतयारी अपुरी होती. निकाल रखडले आणि राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली. तपासणीचा वेग वाढावा म्हणून महाविद्यालयांतील तासिका काही दिवस थांबवण्यात आल्या. मुदत उलटून गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

विद्यार्थ्यांचे त्या वर्षी झालेले हाल सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांची तक्रार रास्तच होती. मात्र त्याच काळात पडद्यासमोर बसलेला परीक्षक आणि विद्यापीठाच्या खिडकीवर संतप्त पालकांना उत्तर देणारा लिपिक, या दोघांच्याही हातात निर्णय नव्हता. वरील सहा कारणांपैकी बोजा, नियंत्रण, पाठबळ आणि बदलाची हाताळणी ही चार कारणे तेथे एकाच वेळी उपस्थित होती. अशा कर्मचाऱ्याला ‘रोज दहा मिनिटे ध्यान करा’ असा सल्ला देणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून खाली बादली मांडण्यासारखे आहे. ध्यानाचा उपयोग नाही, असे नाही. परंतु छप्पर दुरुस्त करण्याचे काम संस्थेचे आहे.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची स्थिती याहून बिकट आहे. राज्यातील महाविद्यालयांत मोठ्या संख्येने पदे रिक्त असून, त्यांचा भार हे प्राध्यापक वाहतात. त्यांना मानधन तासांच्या हिशेबाने मिळते. सुटीच्या महिन्यांत काम नाही आणि मानधनही नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावणे येईल की नाही, याची खात्री नसते. नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेला तिशी-पस्तिशीतला माणूस घरी ‘प्राध्यापक’ म्हणून ओळखला जातो. पण बँकेत कर्जासाठी गेल्यावर वेतनपावती दाखवू शकत नाही. त्याच्या मनावरचे हे ओझे समुपदेशकाच्या खोलीत हलके होईल, पण नाहीसे होणार नाही.

किनाऱ्यावरचे वास्तव

मुरुडमध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्न पदवी महाविद्यालये आहेत. जिल्ह्यातच लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मोठ्या शहरातील विद्यापीठात निदान मानसशास्त्र विभाग असतो, जवळपास रुग्णालये असतात. तालुक्याच्या गावी तसे नसते. मुरुडहून जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबाग सुमारे ५० किलोमीटरवर. काशीद, रेवदंडा मार्गे जाण्यायेण्यात आणि रुग्णालयातील रांगेत अख्खा दिवस मोडतो. त्यासाठी रजा टाकावी लागते आणि रजेच्या अर्जावर कारण लिहावे लागते. अनेकांचे उपचार नेमके या एका ओळीपाशी अडतात.

दुसरी अडचण ओळखीची. लहान गावात प्राध्यापक हा केवळ नोकरदार नसतो. बाजारात, एसटी स्थानकावर, किनाऱ्यावर फिरताना त्याला ‘सर’ म्हणून नमस्कार होतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात शेजारी माजी विद्यार्थ्याचे वडील बसलेले असतात. मधुमेहाची गोळी चारचौघांत घेता येते. पण झोपेची किंवा नैराश्यावरची गोळी लपवावी लागते. ‘सरांना काय झालंय?’ हा प्रश्न संध्याकाळपर्यंत गावभर होईल, ही भीती अगदीच निराधार नसते.

तिसरी गोष्ट निसर्गाची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. मुरुड तालुक्यात घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज अनेक दिवस गेली. एक माड पुन्हा उभा राहून फळ धरायला वर्षे लागतात. त्यामुळे ज्या घरांत बागेचे उत्पन्न हा नोकरीला जोड होता, त्यांचा तोटा त्या पावसाळ्यापुरता नव्हता. करोनाची टाळेबंदी सुरू होती आणि शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर आले होते. वीज नसलेल्या घरातून विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवायचा, स्वतःचे छप्पर शाकारायचे आणि घरातील आजारी माणसाकडेही पाहायचे, अशा कोंडीत किनारपट्टीवरील कर्मचारी सापडले होते. शिक्षण संस्थांच्या आपत्ती नियोजनात इमारत आणि दप्तर यांच्यासोबत माणसांच्या मनाचाही रकाना का हवा, हे त्या जून महिन्याने दाखवून दिले.

उपलब्ध वाटा

निराश होण्याचे मात्र कारण नाही. पूर्वी नसलेल्या काही वाटा आता खुल्या आहेत. त्यांची माहिती कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचलेली नसते, ही खरी उणीव आहे.

केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह २० भाषांत, दिवसरात्र, विनाशुल्क बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो आणि गरज असल्यास तज्ज्ञांशी जोडून देतो. अलिबागपर्यंत न जाता, रजा न टाकता, कोणाला न कळू देता पहिले पाऊल उचलण्याची ही सोय मुरुडसारख्या गावासाठी विशेष मोलाची आहे. प्रत्यक्ष उपचारांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. देशात तो १९९६ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर तपासणी आणि औषधे मिळतात.

कायद्याचे पाठबळही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक उपचार मिळणे हा त्यानुसार प्रत्येकाचा हक्क आहे. आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राखली जाण्याचाही हक्क या कायद्याने दिला आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. महाविद्यालयाची सामूहिक विमा योजना असेल, तर ती या दृष्टीने तपासून घेता येईल.

‘नोकरी जाईल’ ही सर्वांत मोठी भीती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. शासकीय आस्थापनेच्या कायद्यातील व्याख्येत शासनाचे साहाय्य मिळणाऱ्या संस्थाही येतात. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात १७ डिसेंबर २०२१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असा दृष्टिकोन मांडला. साधा ताण किंवा काही आठवड्यांचे नैराश्य म्हणजे दिव्यांगत्व नव्हे, हेही लक्षात घ्यावे. परंतु आजार उघड झाला की नोकरी संपली, ही समजूत कायद्याला धरून नाही.

संस्थेने काय करावे?

याचे उत्तर खर्चिक असलेच पाहिजे, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. व्यक्तीला आधार देण्याबरोबरच कामाच्या पद्धतीत बदल करणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे, यांवर त्यांत भर आहे. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा या संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे हा केवळ दयेचा विषय नाही, संस्थेच्या हिताचाही आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीचा समुपदेशक संस्थेच्या चौकटीबाहेरचा असावा. विद्यार्थ्यांसाठी नेमलेली, प्राचार्यांना अहवाल देणारी व्यक्ती कितीही चांगली असली, तरी तिच्यापाशी कर्मचारी मन मोकळे करणार नाही. एकट्या लहान महाविद्यालयाला स्वतंत्र तज्ज्ञ परवडत नसेल, तर तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून बाहेरच्या तज्ज्ञाची सेवा घ्यावी. भेटीचे ठिकाण महाविद्यालयाबाहेर ठेवावे किंवा दूरध्वनीवरून बोलण्याची सोय करावी. संस्थेकडे फक्त किती जणांनी सेवा घेतली, एवढा आकडा यावा. नावे येऊ नयेत. या सोयीत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षकही असावेत.

दुसरी गोष्ट वरिष्ठांच्या वागण्याची. विभागप्रमुख आणि कार्यालय अधीक्षक यांना हिशेबाचे, संगणकाचे प्रशिक्षण मिळते. माणसे सांभाळण्याचे मिळत नाही. एखादा वक्तशीर लिपिक महिनाभर उशिरा येऊ लागला, तर कारणे दाखवा नोटीस काढण्याआधी त्याला बाजूला बोलावून ‘बरे आहात ना?’ एवढे विचारण्याची पद्धत पडली, तर पुष्कळ प्रसंग टळतील. परीक्षा काळात सुटीच्या दिवसांची अदलाबदल, रात्री नऊनंतर कामाचे निरोप न पाठवण्याचा संकेत, नवी संगणक प्रणाली लागू करण्याआधी पुरेसे प्रशिक्षण, या गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट दुर्घटनेनंतरची. विद्यार्थ्याचा मृत्यू, सहलीतील अपघात, वादळ अशा प्रसंगानंतर काय करायचे, याची लेखी योजना आधीच हवी. सर्वांना एका खोलीत बसवून त्याच दिवशी घडलेला प्रसंग तपशीलवार सांगायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना योग्य मानत नाही. तिच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेचे सूत्र ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ असे साधे आहे. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहावे. बोलायचे असेल त्याचे ऐकावे, न बोलणाऱ्यावर जबरदस्ती करू नये. आणि घरच्यांशी, डॉक्टरांशी, आवश्यक सेवांशी त्याची गाठ घालून द्यावी. चौकशी व्हायचीच असते आणि ती झालीच पाहिजे. मात्र चौकशी करणारा आणि आधार देणारा या व्यक्ती वेगळ्या असाव्यात.

चौथी गोष्ट परतण्याची. उपचारांनंतर कामावर आलेल्या कर्मचाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पूर्ण भार देऊ नये. काम टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि त्याचा आजार हा कर्मचारी कक्षातील चहाचा विषय होऊ नये, याची काळजी वरिष्ठांनी घ्यावी.

सहकाऱ्यांनी काय ओळखावे?

सलग दोन आठवडे झोप न लागणे किंवा सतत उदास वाटणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, चिडचिड, वारंवार चुका, माणसे टाळणे, दारूचे प्रमाण वाढणे, ही मदत घेण्याची चिन्हे आहेत. जगण्यात अर्थ नाही, अशी भाषा कोणी केली, तर ती हसण्यावारी नेऊ नये. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा गैरसमज आहे. शांतपणे विचारल्याने बहुधा माणसाला बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि १४४१६ वर किंवा जवळच्या रुग्णालयाशी त्वरित संपर्क साधावा. ‘तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने असे खचायचे?’ हे वाक्य मात्र टाळावे. शिक्षणाने मन आजारांपासून सुरक्षित होत नाही.

येत्या वर्षांत महाविद्यालयांत समुपदेशक नेमले जातील, प्रशिक्षणे होतील, हजेरीपटावर सह्या होतील. त्या प्रशिक्षणाच्या शेवटी कर्मचाऱ्यांना आणखी एक कागद मिळायला हवा. विद्यार्थ्यासाठी कोणाला फोन करावा, याबरोबरच स्वतःसाठी कोणाला फोन करावा, हेही त्यावर लिहिलेले असावे. सहलीच्या बसमधून उतरून किनाऱ्यावर डोकी मोजणाऱ्या शिक्षकाची मोजदादही कोणीतरी करायला हवी, एवढीच अपेक्षा आहे.